जीएडीची तपासणी आधी लिहा: सोलापूरच्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यात मधुमेहाचे रुग्ण तपासणारे सर्व फॅमिली डॉक्टर, फिजिशियन व बालरोगतज्ज्ञ,
तसेच जिल्ह्याच्या सरकारी आरोग्य यंत्रणेतील अधिकारी.

सादर नमस्कार.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करते. आपण चिठ्ठीवर ज्या तपासण्या लिहिता त्यांचं रक्त काढणं, सीरम वेगळं करणं, मशीन लावणं, आणि इथे जे होत नाही ते सँपल मुंबईला रवाना करणं, हे माझं रोजचं काम. निदान करणं माझ्या अधिकारात नाही आणि या पत्रातही मी ते करणार नाही. पण कोणती तपासणी लिहिली जाते आणि कोणती लिहिली जात नाही, हे आमच्या काउंटरवरून फार स्पष्ट दिसतं. उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन, लिपिड प्रोफाइल यांच्या चिठ्ठ्या दिवसभर येतात. मधुमेह टाइप १ आहे का, हे ओळखायला मदत करणाऱ्या जीएडी अँटीबॉडीची चिठ्ठी क्वचित येते, आणि येते तेव्हा बहुतेक वेळा रुग्ण आयसीयूतून नुकताच बाहेर पडलेला असतो.

माझी विनंती अशी आहे. वय पस्तिशीच्या आत, अंगकाठी बारीक, वजन आपोआप उतरतंय, स्वतःला किंवा घरात कुणाला थायरॉइडसारखा ऑटोइम्यून (शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते असा) आजार आहे, किंवा दोन-तीन गोळ्या पूर्ण मात्रेत घेऊनही वर्षा-दीड वर्षात शुगर हाताबाहेर गेली आहे, असा रुग्ण समोर आला की फाइलवर ‘टाइप २’ लिहिण्याआधी जीएडी अँटीबॉडी एकदा करून घ्यावी. रक्तातली ही एक तपासणी पुढची कित्येक वर्षं त्या माणसाला गोळी द्यायची की इन्सुलिन, हे ठरवायला मदत करते.

पत्र खुलं आहे, रुग्णही वाचतील, म्हणून थोडं मुळापासून सांगते.

टाइप १ मधुमेहात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच हल्ला करते. टाइप २ मध्ये इन्सुलिन बनतं, पण ते पुरेसं पडत नाही किंवा शरीर ते नीट वापरत नाही. या हल्ल्याची रक्तातली खूण पहिल्यांदा सापडली ती १९७४ मध्ये लंडनला. बोटाझो आणि डोनियाक या संशोधकांना काही मधुमेही रुग्णांच्या रक्तात स्वादुपिंडातल्या पेशींना चिकटणाऱ्या अँटीबॉडी दिसल्या. त्या नेमक्या कशाला चिकटतात याचा शोध बरीच वर्षं चालला आणि १९९० मध्ये त्यातलं एक मुख्य प्रथिन ओळखू आलं, ते म्हणजे जीएडी हे एन्झाइम. मेंदूतही असतं, बीटा पेशींतही असतं. पुढे आयए-२ आणि २००७ मध्ये झिंक ट्रान्सपोर्टर-८ या प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडीही यादीत आल्या. खुद्द इन्सुलिनविरुद्धची अँटीबॉडी त्याआधीच माहीत झाली होती. रिपोर्टवर आज जी नावं दिसतात ती हीच.

टाइप १ म्हणजे शाळकरी मुलांचा आजार, तिशीनंतर झाला तर तो टाइप २, ही समजूत रुग्णांत आहेच आणि चिठ्ठ्या पाहता दवाखान्यांतही आहे. २०१८ साली इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांनी यूके बायोबँक या ब्रिटनच्या मोठ्या आरोग्य-नोंदसंग्रहातली जनुकीय माहिती तपासली. साठीपर्यंत टाइप १ झालेल्यांपैकी ४२ टक्क्यांना तो तिशी ओलांडल्यावर झालेला होता. त्याहून जुना पुरावा ब्रिटनच्याच यूकेपीडीएस या मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासातला आहे. ‘टाइप २’ म्हणून दाखल करून घेतलेल्या ३६७२ रुग्णांचं रक्त त्यांनी अँटीबॉडीसाठी तपासलं आणि निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. २५ ते ३४ वयाच्या गटात ३४ टक्के लोकांत जीएडी अँटीबॉडी निघाली. ५५ ते ६५ च्या गटात ती ७ टक्के होती. पस्तिशीच्या आत निदान झालेल्या जीएडी पॉझिटिव्ह रुग्णांपैकी ८४ टक्क्यांना सहा वर्षांच्या आत इन्सुलिन लागलं. ज्यांच्यात अँटीबॉडी नव्हत्या त्यांच्यात हेच प्रमाण १४ टक्के होतं. एका नळीभर रक्तानं रुग्णाची पुढची सहा वर्षं इतकी आधी दिसत असतील तर ती नळी भरायला आपण इतका उशीर का करतो?

हे आकडे युरोपातले आहेत, याची मला कल्पना आहे. आपल्याकडे टाइप १ च्या रुग्णांतही अँटीबॉडी सापडण्याचं प्रमाण तिकडच्यापेक्षा कमी दिसतं, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे सोलापूरला लावता येत नाहीत. पण यातून तपासणी कमी महत्त्वाची ठरते असं मला वाटत नाही. आपल्याकडे नुसतं डोळ्यांनी ओळखणं तर आणखी अवघड आहे. युरोपात बारीक अंगाचा टाइप २ रुग्ण दिसला की डॉक्टरला शंका येते. आपल्याकडे बारीक अंगाचे टाइप २ भरपूर आहेत. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जन्मलेल्या बाळापासून दाखवून दिलं आहे. त्यातच लहानपणीच्या कुपोषणातून होणारा मधुमेह हा निराळा प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये त्याला वेगळा प्रकार मानलं, १९९९ मध्ये वगळलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. दुष्काळी तालुक्यांत अर्धपोटी वाढलेला, आज ऊसतोडीला जाणारा हडकुळा तरुण यांपैकी कोणत्या प्रकारात बसतो? नुसतं बघून कोण सांगणार? तिथे जीएडी निगेटिव्ह येणं हीसुद्धा कामाची माहिती आहे.

आता एका रुग्णाबद्दल. पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात कामाला असलेला, तिशीतला. दर तीन महिन्यांनी आमच्याकडे रक्त द्यायला यायचा. दर वेळी हात धरला की तो आधीपेक्षा बारीक लागायचा. एचबीए१सी चढत होतं, गोळ्या वाढत होत्या. रात्रपाळी, चहा, जेवणाच्या अवेळा, सगळ्यांना दोष देऊन झाला होता. ‘पथ्य पाळत नाहीस’ हे त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं की तो स्वतःच आम्हाला आल्या आल्या सांगायचा, ताई, या वेळी खरंच पाळलंय. नंतर त्याला लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गटातली एक गोळी सुरू झाली. काही आठवड्यांत ताप आला, उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. ग्लुकोमीटरवर शुगर दोनशेच्या आसपास होती, म्हणून कुणाच्या मनात वेगळं काही आलं नाही. लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे आम्ल पदार्थ) चार प्लस निघाले तेव्हा तो शुद्धीवर नीटसा नव्हता. तो वाचला. त्यानंतर जीएडी पाठवली गेली आणि रिपोर्ट किटच्या मोजता येणाऱ्या मर्यादेच्या वर आला. आज तो इन्सुलिनवर आहे, वजन भरून आलंय, कामावर जातो. पथ्य तो आधीही पाळतच होता.

ही गोळी वाईट नाही, योग्य रुग्णाच्या हृदयाला आणि किडनीला ती फार उपयोगी पडते. पण ज्याचं स्वतःचं इन्सुलिन संपत आलंय त्याला तिच्यामुळे कीटोअॅसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्ल होणं, होऊ शकतो, आणि तोही शुगर फारशी न वाढता, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१५ मध्येच दिलेला आहे. आपल्याकडे याच गटातल्या डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, आणि किमती झपाट्यानं उतरल्या. जी गोळी आधी ठरावीक रुग्णांनाच परवडायची ती आता तालुक्याच्या मेडिकलमध्ये सहज मिळते. औषध स्वस्त झालं याचा आनंदच आहे. म्हणूनच ते कुणाला द्यायचं नाही हे ओळखायची तपासणीही तितकीच हाताशी हवी. स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या ग्लिमेपिराइडच्या गटाबद्दलही २०२० च्या तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात स्पष्ट लिहिलं आहे की मोठ्या वयातल्या ऑटोइम्यून मधुमेहात, म्हणजे ज्याला आपण ‘लाडा’ म्हणता त्यात, तो वापरू नये.

दुसरी गोष्ट रिपोर्टवरच्या आकड्याची. यावरून काउंटरवर सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. जीएडी ५० आली, मावशी विचारतात, म्हणजे शुगर किती? किंवा, मागच्या वर्षी ३०० होती, आता १२० आहे, म्हणजे आजार उतरतोय ना? रुग्णानं हे विचारावं यात काहीच गैर नाही, पण समजावून सांगणारं कुणी भेटत नाही. हा आकडा शुगरचा नाही, आजाराच्या तीव्रतेचाही नाही. आकडा मोठा असेल तर इन्सुलिन लवकर लागण्याची शक्यता जास्त, आणि अगदी काठावरचा असेल तर तो चुकून आलेलाही असू शकतो, दुसऱ्या अँटीबॉडीनं किंवा पुन्हा तपासून खात्री करावी, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय प्रत्येक किटची रेघ वेगळी असते. एका किटमध्ये ५ च्या वर पॉझिटिव्ह, दुसऱ्यात १० च्या वर. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून वाढलं की घटलं हे सांगता येत नाही. निदान झाल्यावर दर वर्षी जीएडी करत राहण्यात गरिबाचे पैसे जातात, हाती काही लागत नाही.

अँटीबॉडी घटल्या म्हणजे बीटा पेशी परत आल्या असं मुळीच नाही. पेशी मारण्याचं मुख्य काम संरक्षण यंत्रणेतल्या टी पेशी करतात, अँटीबॉडी त्या हल्ल्याची खबर देतात. जन्मजात दोषामुळे ज्याच्या शरीरात बी पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, बीटा पेशींहून वेगळ्या) जवळजवळ नव्हत्या, म्हणून अँटीबॉडी तयारच होऊ शकत नव्हत्या, अशा एका किशोरवयीन मुलाला टाइप १ झाल्याची नोंद २००१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेली आहे. हे मी इतकं खोलात लिहिते कारण ‘आमच्या काढ्यानं अँटीबॉडी उतरल्या’ असं सांगून मुलांचं इन्सुलिन बंद करायला लावणारे लोक आहेत आणि हातात आमच्यासारख्या लॅबचाच कागद नाचवतात. त्यात भर पडते ती सुरुवातीच्या काही महिन्यांची. इन्सुलिन सुरू झाल्यावर उरलेल्या बीटा पेशींना उसंत मिळते, डोस निम्म्यावर येतो, कधी नाममात्र उरतो. आपण त्याला हनिमून म्हणता, आईबापांना तो चमत्कार वाटतो. त्याच काळात कुणीतरी भेटतं आणि इंजेक्शन सुटतं. डॉक्टरसाहेब, इन्सुलिनची पहिली चिठ्ठी लिहितानाच आईबापांना हे सांगून ठेवा. त्या दोन मिनिटांनी एखादं लेकरू वाचेल.

निगेटिव्ह रिपोर्टचाही असाच घोळ होतो. जीएडी निगेटिव्ह, म्हणजे टाइप २, म्हणजे इन्सुलिन बंद, असं होता कामा नये. आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर-८ बाकी असतात. तेही निगेटिव्ह आले तरी तरुण, बारीक, कीटोन दाखवणारा रुग्ण टाइप १ असू शकतो. तिथे काही काळानं सी-पेप्टाइड उपयोगी पडतं, कारण स्वतःचं इन्सुलिन किती उरलंय हे त्यातून कळतं. निदानानंतर तीनेक वर्षांनी ते लिटरला २०० पिकोमोलच्या खाली असेल तर इन्सुलिनशिवाय चालणार नाही, ६०० च्या वर असेल तर टाइप २ ची शक्यता जास्त, असं अमेरिकेच्या आणि युरोपच्या मधुमेह संघटनांनी २०२१ मध्ये मिळून लिहिलं आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. तपासणी सरसकट करू नये. पोट सुटलेल्या, साठीतल्या, आईवडील दोघांनाही मधुमेह असलेल्या आजोबांची जीएडी पाठवून काही साधत नाही. किटची रेघ अशी आखलेली असते की निरोगी माणसांतही शंभरात एखादा पॉझिटिव्ह निघतो. अशा हजार आजोबांचं रक्त तपासलं तर दहाएक जणांवर उगीच टाइप १ चा शिक्का बसेल. लॅबचा धंदा वाढावा म्हणून मी हे पत्र लिहीत नाही, तर तपासणी जिथे हवी तिथे ती होत नाही म्हणून लिहिते आहे.

बालरोगतज्ज्ञांना एक वेगळी विनंती. टाइप १ चं निदान झालेल्या मुलाचं थायरॉइड आणि सीलिअॅकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) रक्त निदानाच्या सुमारासच तपासावं, कारण हे आजार याच मुलांत जास्त सापडतात. सीलिअॅकसाठी टीटीजी-आयजीए ही अँटीबॉडी लिहिताना सोबत टोटल आयजीए (रक्तातल्या त्या प्रकारच्या एकूण अँटीबॉडी) जरूर लिहा. ज्या मुलात आयजीएच कमी आहे त्याचा टीटीजी खोटा नॉर्मल येतो आणि मूल खुरटत राहतं. सीलिअॅक निघालाच तर घाबरलेल्या आईला आधी हे सांगा की ज्वारीत ग्लुटेन नसतं. गहू बंद करायचा, पण मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी ते मूल पोटभर खाऊ शकतं. फक्त ज्वारी गव्हाच्या गिरणीत दळून आणू नका. पुण्या-मुंबईच्या आहारतज्ज्ञाच्या छापील तक्त्यात हे नसतं, आणि आमच्याकडच्या बायकांना तेवढंच ऐकून हायसं वाटतं.

सरकारी यंत्रणेतल्या अधिकाऱ्यांना सांगायचं आहे ते पैशांचं आणि पोहोचण्याचं. जीएडीचा खर्च हजार विड्या वळून हातात येणाऱ्या मजुरीच्या कित्येक पट आहे. दत्तनगर किंवा कुंभारीच्या विडी घरकुलातली बाई मुलासाठी तो करेल, स्वतःसाठी करणार नाही. महात्मा फुले योजनेचा आधार मिळतो तो मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाला, म्हणजे तपासणीची वेळ टळून गेल्यावर. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घरोघरची शुगर तपासणी तिशीच्या पुढच्यांची होते, म्हणजे बावीस वर्षांचा तरुण त्या यादीतच नसतो. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं जून २०२२ मध्ये टाइप १ साठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या वैद्यकीय महाविद्यालयापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचाव्यात. सिव्हिलमध्ये पस्तिशीच्या आतल्या प्रत्येक नव्या मधुमेही रुग्णाला, डॉक्टरांना शंका वाटली तर, जीएडी आणि सी-पेप्टाइड मोफत आणि बारमाही मिळावं. करमाळा, सांगोला, अक्कलकोटच्या सरकारी रुग्णालयातून रक्त सिव्हिलला यावं, रुग्णाला एसटीनं यायला लागू नये. हे रुग्ण एकूण मधुमेहींच्या मानानं थोडे आहेत, त्यामुळे खर्चही मोठा नाही. एका कीटोअॅसिडोसिसच्या रुग्णावर आयसीयूत होणाऱ्या खर्चात अशा कितीतरी तपासण्या बसतील.

शेवटी माझ्या कामातलं, म्हणजे रक्त कसं पाठवायचं ते. जीएडी टणक असते, तिला प्रवास सोसतो. सी-पेप्टाइडचं तसं नाही. साध्या नळीत ठेवलेलं सीरम सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, खोलीत राहिलं तर आकडा खोटा कमी येतो आणि नसलेला टाइप १ कागदावर उमटतो. म्हणून सी-पेप्टाइड जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्यायला सांगा. त्यात ते साध्या तापमानाला दिवसभर टिकतं, तरी उन्हाळ्यात बर्फाच्या डब्यातच द्या. त्याच वेळी त्याच हातातून शुगरचंही रक्त घ्या, कारण शुगर खूप कमी किंवा फार जास्त असताना आलेल्या सी-पेप्टाइडवर विसंबता येत नाही. इन्सुलिन अँटीबॉडी हवी असेल तर इंजेक्शन सुरू होण्याआधी किंवा फार तर पहिल्या दोन आठवड्यांत रक्त घ्या, नंतर बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनविरुद्धच्याच अँटीबॉडी मोजल्या जातात. जीएडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टरला ही अट नाही, ते इन्सुलिन चालू असतानाही पाठवता येतात. आणि चिठ्ठीवर रुग्णाचं वय, वजन, निदानाचं वर्ष, इन्सुलिन चालू आहे की नाही, एवढं लिहा. रिपोर्टवर सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना त्यावाचून काठावरच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

आपली,
पॅथॉलॉजी लॅबमधील एक तंत्रज्ञ,
सोलापूर